एकेचाळिसाव्या खुंटीचा जाब

खोटं तुम्ही लिहिलंत. मी चुकले, ते पुढं सांगणारच आहे. पण खोटं तुम्ही लिहिलंत, आणि सही-शिक्क्यानिशी नऊ गावांना वाटलंत.

तुमच्या अहवालाच्या सव्विसाव्या पानावर तक्ता आहे. आमच्या पुसागोंदी गावाच्या जंगलाचं जे वाटोळं झालं, त्याची जबाबदारी कुणाची किती, ते त्यात मांडलंय. ग्रामसभा ऐंशी टक्के. नियोजन कक्ष, म्हणजे तुम्ही, वीस टक्के. यंत्र शून्य. खाली बारीक अक्षरात कारण: 'वनसमितीच्या सचिव श्रीमती मैनो हलामी यांनी एकेचाळिसाव्या खुंटीची जागा हेतुपुरस्सर चुकीची नोंदवली.'

ती मैनो हलामी मीच. खुंटी मीच ठोकली. आता सगळं ऐका.

आठ वर्षांपूर्वी सह-जबाबदारीचा कायदा आला, तेव्हा आमच्या गावानं ढोल वाजवला होता. तोवर सरकारी जंगलात काय करायचं ते सरकार ठरवायचं आणि आम्हाला तोडणीच्या आवाजावरून कळायचं. नव्या कायद्यात तीन सह्या आल्या. जंगलाच्या जमिनीचा कुठलाही तुकडा कशासाठी वापरायचा, चराईला, बांबूला, रस्त्याला की नव्या लागवडीला, त्याचा तीस वर्षांचा आराखडा व्हायचा, आणि त्यावर ग्रामसभेची सही, तुमच्या कक्षाची सही आणि यंत्राची मोहोर लागायची. एक नसली तरी पान हलत नव्हतं. हा कायदा चांगला होता. आजही चांगलाच आहे. मी कायद्याशी भांडत नाही.

यंत्राचं कागदावरचं नाव 'भूजाल'. आम्ही त्याला मूळकान म्हणायचो. तुमचा क्षेत्र-अभियंता अद्वैत लोहकरे ते समजवायला आला, तेव्हा अंगणवाडीच्या पडवीत सगळं गाव बसलं होतं. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, जाड भिंगाचा चष्मा, बोलताना हात फार हलवायचा. पण समजावलं नीट. झाडाची मुळं मातीत एकटी नसतात, म्हणाला. त्यांना बुरशीचे धागे चिकटलेले असतात, केसाहून बारीक. एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत मातीत त्यांचं जाळं असतं. झाड पानांत साखर करतं आणि थोडी त्या धाग्यांना देतं. धागे त्याबदल्यात पाणी आणि क्षार आणून देतात. पाणी पुढं सरकतं तेव्हा मातीत विजेची अगदी हलकी थरथर उठते. ती थरथर पोलादी खुंटी ऐकते. चौसष्ट खुंट्या तीन वर्षं ऐकत राहिल्या की यंत्राला कळतं, जंगलाचा कुठला भाग कुणाला जगवतो, कुठं हात लावला तर काय कोसळेल आणि कुठं काहीच कोसळणार नाही.

माझे सासरे दसरू हलामी, मी त्यांना मामा म्हणते, पुढंच बसले होते. ते म्हणाले, "हे आमाले माहीत आहे जी. फक्त वीज माहीत नव्हती." लोहकरेसकट सगळे हसले.

ठिकाणं यंत्रानं नकाशावर ठरवून दिली होती. त्या नकाशात एकेचाळिसावी खुंटी नको तिथं पडत होती.

आमच्या टेकडीच्या उतारावर, झऱ्याच्या वर, एक दाट जागा होती. तिचं नाव घ्यायचं नाही अशी रीत. आम्ही तिला नुसतं 'आत' म्हणायचो. बाहेर एक उभा दगड. लग्न होऊन गावात आलेल्या बायकांनी त्या दगडापुढं जायचं नाही, म्हणून एकवीस वर्षांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. पुरुष जायचे ते कुऱ्हाड, विळा, चाव्या, कमरेचा पट्टासुद्धा दगडापाशी ठेवून. त्या मातीत लोखंड जाऊ द्यायचं नाही. दसरूमामा तिथले भूमिया, म्हणजे तिथलं सगळं पाहणारे. त्यांच्या आधी त्यांचा बाप.

तुम्ही विचाराल, मग तुमच्या अर्जात 'सांस्कृतिक स्थळ' असा रकाना होता, तो का नाही भरला? भरला असता. पण त्या रकान्याला नाव हवं, फोटो हवा, हद्द हवी, आणि ते सगळं संकेतस्थळावर जगाला दिसणार. मामांच्या बापानं एकदा एका साहेबावर विश्वास ठेवून अशीच एक जागा नकाशावर दाखवली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात ठेकेदार नेमका तिथं आला, कारण जाड झाडं कुठं आहेत ते आता कागदावर होतं. तेव्हापासून आमच्यात कुणी 'आत'कडं बोट दाखवत नाही.

मी मामांना म्हटलं, मामा, खुंटी तर ठोकावी लागेल. ती जागा मोकळी ठेवली तर आराखडा होणार नाही, आणि आराखडा नाही तर आपली सही नाही.

"तिथं लोखंड नाही जात, बाई," ते म्हणाले. एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच.

मग आम्ही दोघांनी जे केलं ते करणारं दुसरं गाव तुम्हाला मिळायचं नाही. तुमच्या खुंटीला स्वतःची जागा कळत नाही. फोन जागेवर न्यायचा, बटण दाबायचं, उपग्रहावरून जागा जुळली की ठिपका हिरवा होतो, मग तिथं खुंटी ठोकायची. स्वस्तात भागवायचं म्हणून तुम्ही तसं केलं होतं. म्हणजे फोन आत गेला तरी पुरे. आता प्रश्न आला, फोनमध्ये लोखंड असतं का. आम्ही दगडापाशी उभं राहून त्यावर पाऊण तास वाद घातला. मी म्हटलं, काच आहे आणि प्लास्टिक आहे. ते म्हणाले, स्क्रू तं दिसून राहिले. शेवटी त्यांनी पळसाची पानं तोडली, फोनला लाडूच्या शिदोरीसारखं गुंडाळलं, नुसती काच उघडी ठेवली, पायातली चप्पल काढली आणि आत गेले. मी बाहेरून विचारत होते, हिरवं झालं का. आतून आवाज आला, थांब, फिरून राहिलं. मग आला, झालं.

खुंटी मी दगडापासून साठ पावलांवर ठोकली, रैनू कोवाचीला मदतीला घेऊन. टेकडीच्या माथ्यावरच्या मुरमाड पठारावर. तिथं कुसळी गवताशिवाय काही उगवत नाही. घण मारताना मनाशी म्हटलं, चौसष्टांत एक इकडची तिकडं झाली तर एवढ्या हुशार यंत्राला काय फरक पडणार.

ही माझी चूक. हिच्यापासून मी पळत नाही.

तीन वर्षांनी आराखडा आला. रंगीत नकाशा, पडवीच्या भिंतीभर. हिरवं म्हणजे हात लावू नका. पिवळं म्हणजे जपून वापरा. राखाडी म्हणजे इथं काहीच जिवंत देणंघेणं नाही, बदल करा. सगळा नकाशा हिरवा-पिवळा होता आणि झऱ्याच्या वर बावीस हेक्टरांचा एक राखाडी डाग. क्षेत्र एकेचाळीस. बरोबरच होतं. खुंटीनं तीन वर्षं मुरूम ऐकला होता, आणि यंत्राला तो 'आत'चा आवाज वाटत होता.

राखाडी भागात ऊर्जावन सुचवलं होतं. जुनं काढायचं, जमीन सपाट करायची, लवकर वाढणारी झाडं लावायची, दर सहा वर्षांनी तोडून त्यांच्या गोळ्या करून वीजकेंद्रात जाळायच्या. शेजारी यंत्राचा शेरा: 'परिसरावर परिणाम नगण्य.'

ग्रामसभेला चार दिवस होते. कायद्याचं कलम मला पाठ होतं. चुकीची नोंद उघड झाली तर गावाचा सहीचा हक्क पाच वर्षं गोठतो. बोलले तर हक्क जातो. नाही बोलले तर 'आत' जातं. घरी मामा समोर बसून जेवायचे आणि मी त्यांच्या ताटाकडं बघायचे, तोंडाकडं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोहकरेला गाठलं. जीपच्या सावलीत त्याला सगळं सांगितलं. दगड, पळसाचं पान, मुरूम. 'आत'चं नाव नाही सांगितलं, पण जागा सांगितली. गावाबाहेरच्या माणसाला ती सांगणारी मी पहिली. तो रागावेल असं वाटलं होतं. तो चष्मा पुसत राहिला.

"मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं, मैनोताई."

"मग?"

"मग वर कळवलं. दोनदा."

आणि त्यानं यंत्राच्या नोंदी दिसणारी हातातली पाटी उघडून मला दाखवलं. अक्षरन् अक्षर मी वाचलं आणि तिथंच वहीत उतरवून घेतलं. तारीख माझ्या वहीत आहे. यंत्रानं लिहिलं होतं: 'विसंगती, क्षेत्र एकेचाळीस. वरून दाट छत्र, खालून मृत माती. खुंटीची जागा तपासावी.' म्हणजे तुमच्या यंत्राला फसवायला गेलेली मी, आणि ते फसलंच नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात त्याला झाडांचे माथे दिसत होते. त्यानं शंका काढली होती. आणि त्या शंकेखाली तुमच्या कक्षातून उत्तर होतं: 'खुंट्या बसवण्याची मुदत संपत आहे. विसंगती मान्य समजून पुढे जावे.' दोन वेळा शंका, दोन वेळा तेच उत्तर.

लोहकरेनं मला एक वाट सुचवली. म्हणाला, तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. शेवटच्या पानावर मी अट घालतो, की क्षेत्र एकेचाळीसमध्ये काम सुरू करण्याआधी सचिवांसोबत प्रत्यक्ष पाहणी करावी. पाहणीला माणूस आला, झाडं पाहिली, की रंग आपोआप बदलेल. हक्कही राहील, जागाही राहील. मला ते पटलं. पोरगा वाईट नव्हता. आम्ही दोघंही वाईट नव्हतो, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही.

सही करायच्या आधी मामांनी मला भरसभेत एकच विचारलं. "कागदात आतलं नीट आहे, ते पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पहिला हात वर केला. त्यांच्यामागून गावानं.

जानेवारीत तुम्ही मला जिल्ह्याला बोलावलं. आदर्श सह-जबाबदारी म्हणून नऊ गावांच्या सचिवांचा सत्कार होता. तीन दिवसांचं शिबिर, शाल, भाषण. तुम्ही स्वतः मंचावर होतात. म्हणालात, जंगल वाचवायचं तर जबाबदारी वाटून घ्यायला शिकलं पाहिजे. मी टाळ्या वाजवल्या. त्याच तीन दिवसांत पुसागोंदीच्या टेकडीवर मशीनं चढली. प्रत्यक्ष पाहणीच्या चौकटीत बरोबरची खूण होती. सचिवांसोबत, असंही लिहिलं होतं. सचिव तुमच्या मंचासमोर बसली होती, साहेब.

मी चौथ्या दिवशी परत आले. गावात मला कुणी अडवलं नाही. मी तशीच टेकडीवर गेले. उभा दगड जागेवर होता. मामा त्याच्याशी टेकून बसले होते. पलीकडं लाल माती होती, सपाट, मशीनच्या पट्ट्यांचे माग उठलेली. मुळांचे ढीग एका कडेला. पलीकडची टेकडी सरळ दिसत होती. ती तिथून दिसते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी सवयीनं दगडाच्या अलीकडं थांबले.

"ये," मामा म्हणाले. "आता बाईनं आलेलं चालते."

मी गेले नाही. अजूनही गेलेले नाही.

पुढचं तुम्हाला तुमच्याच आलेखांवरून ठाऊक आहे, पण हे ज्यांच्या हाती पडेल त्यांना ठाऊक नाही. 'आत'ची झाडं शेकडो वर्षांची होती. त्यांची मुळं खडकाच्या भेगांतून खोल गेलेली. दिवस मावळला की पानांची तहान थांबते, आणि अशी झाडं खोलातलं पाणी वरच्या कोरड्या मातीत आणून सोडतात. तिथून बुरशीचे धागे ते उतारावर नेतात, मोहांना, ऐनांना, चारोळीला. उन्हाळ्यात सगळा उतार त्या बावीस हेक्टरांच्या जिवावर उभा होता. आणि ती भुसभुशीत माती पावसाचं पाणी धरून ठेवायची, ते झऱ्याला थोडं थोडं यायचं. तुम्ही झाडं तोडून थांबला नाहीत. मुळं उपटलीत आणि वरून रोलर फिरवलात.

फेब्रुवारीपासून खुंट्या गप्प व्हायला लागल्या. आधी चाळिसावी आणि बेचाळिसावी. मग तेहतीस, चौतीस, पन्नास. डागाच्या कडेपासून बाहेर, पाण्यात तेल पसरावं तसं. मी रोज फोनवर पाहायचे. मार्चमध्ये मोहाखाली पाचोळा झाडून बायका टोपल्या घेऊन गेल्या आणि तळाला पसाभर फुलं घेऊन परत आल्या. एप्रिलमध्ये झरा आटला. तो आटलेला कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. मेच्या अखेरीस चौसष्टांतल्या एकोणतीस खुंट्यांना काही ऐकू येत नव्हतं. एक मात्र अगदी ठणठणीत होती. मुरमावरची. तिच्या आकड्यात कणभर फरक नाही. त्यावरूनच यंत्रानं ओळखलं, की ही खुंटी कधी तिथं नव्हतीच.

मग तुमची चौकशी. मग तुमचा तक्ता. मग आदेश, की फक्त पुसागोंदीचा नाही, तर या जंगलाला लागून असलेल्या नऊही गावांचा सहीचा हक्क दहा वर्षं बंद. पाच नाही, दहा. आता तिथले आराखडे तुम्ही एकटे ठरवणार. पिवळ्याचं राखाडी करायला तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

अहवालात विसंगतीचा शब्द नाही. मी पान पान उलटलं. लोहकरेला फोन केला. त्याची बदली झालीय, बढतीवर. म्हणाला, मैनोताई, माझी बाजू समजून घ्या. मी समजून घेतली आणि फोन ठेवला. यंत्राची जुनी नोंद मागायचा हक्क कायद्यानं ग्रामसभेला आहे, म्हणून मी अर्ज टाकला. तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: हक्क गोठवलेल्या ग्रामसभेस नोंदी पुरवता येत नाहीत. म्हणजे आमचं तोंड ज्या कागदानं बंद केलं, तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी आम्ही आधी तोंड उघडू शकलो पाहिजे.

आता परवाच्या ग्रामसभेचं सांगते. तुमच्या दृष्टीनं ती ग्रामसभा नाही, पण बसलो आम्ही.

आमच्यात चूक झाली की दुसऱ्याचं नाव कुणी घेत नाही. ज्याचा हात लागला असेल त्यानं आपण होऊन उठायचं, काय केलं ते सांगायचं आणि उभंच राहायचं. मी आधी उठले. खुंटी सांगितली. सही सांगितली. लोहकरेला जागा दाखवली ते सांगितलं. आणि मामांनी भरसभेत विचारलं तेव्हा खोटं बोलले, ते सांगितलं. मला वाटलं होतं गाव मला बाहेर काढेल. काढायलाच हवं होतं.

मामा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"फोन मीच आत नेला," ते म्हणाले. "लोखंड नको म्हणून अडून मी बसलो. तिले दुसरी वाट मी ठेवली नाही. माझं नाव लिहा."

मग रैनू कोवाची उठली, माझ्यासोबत घण धरणारी. तिला खुंटी कुठं ठोकली ते ठाऊक होतं. मग ज्यांनी नकाशावरचा राखाडी डाग ओळखला होता आणि मैनो बघून घेईल म्हणून गप्प बसले होते, ते उठले. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, मी काही केलं नाही, पण ढोल मीच वाजवला होता, माझंही लिहा. लोक हसले. मलाही हसू आलं आणि मग ते थांबेना, त्याचं दुसरंच काही झालं. शेवटी पडवीत बसलेलं कुणी उरलं नाही. त्रेचाळीस माणसं उभी होती.

मामा अजून माझ्या हातचं जेवत नाहीत. ते वेगळं. ते आमचं आम्ही पाहू.

त्रेचाळीस नावं या कागदासोबत जोडली आहेत, प्रत्येकापुढं त्यानं काय केलं ते लिहून. ऐंशी टक्के आमचे असतील तर असू द्या. नव्वद लिहा. आम्ही टक्क्यांसाठी भांडत नाही. पण तुमच्या वीस टक्क्यांपुढं एकही नाव नाही. 'कक्ष' असं लिहिलंय. कक्षाला बोट नसतं, आणि 'पुढे जावे' हे कुणाच्या तरी बोटानं लिहिलं गेलं, दोनदा. मी जिल्ह्याला असताना माझ्यासोबत पाहणी झाल्याची खूणही कुणीतरी केली.

यंत्र काही विसरत नाही असं तुम्हीच मंचावरून सांगितलं होतं. आम्हाला त्याला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. सोमवारी अकरा वाजता अंगणवाडीच्या पडवीत आम्ही बसणार आहोत, नऊ गावांचे सगळे. पत्र पाठवू नका, माणूस पाठवू नका. यंत्र घेऊन स्वतः या, आमच्यासमोर त्याला विचारा, आणि सांगा: ती शंका कुणी मिटवली, पाहणीची खोटी खूण कुणी केली, आणि त्यासाठी नऊ गावांची सही तुम्ही कुठल्या तोंडानं काढून घेतलीत?